किल्ली कुणापाशी

टॅक्सचं काम करणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये काय काय असतं हे लोकांना फारसं माहीत नसतं आणि नसलेलंच बरं. पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं हे तर आलंच, पण कुणी मेहुण्याला किती उसने दिलेत, कुणाची पोटगीची केस चालूये, कुणाच्या वडिलांनी विजयनगरचा प्लॉट एकाच मुलाच्या नावावर केलाय आणि दुसऱ्याला अजून पत्ता नाही, हे सगळं माझ्या डी ड्राइव्हमध्ये आडनावांप्रमाणे लावून ठेवलेलं आहे. इंदूरला लोकमान्य नगरात घराच्याच पुढच्या खोलीत माझं ऑफिस, जुलै लागला की दारात चपलांचा ढीग, आणि निम्मी मंडळी ओळखीतलीच, साहित्य सभेच्या कार्यक्रमाला भेटणारी, गणपतीत आरतीला येणारी. यातल्या एकाचं काही दुसऱ्याला कळलं तर मला रामबागेतून मान वर करून जाता येणार नाही. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शनच्या कायद्यात सुरक्षेची काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे, तो आकडा वाचून मला हसूच आलं, कारण माझे सगळे क्लायंट आणि वर मी असे मिळून विकलो तरी तेवढे यायचे नाहीत. खरी भीती फार साधी आहे, लॅपटॉप ऑटोत राहिला तर काय.

म्हणून एन्क्रिप्शनचं, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही असं फाइलींना कुलूप घालण्याचं, बघायला लागले. आणि ज्याला विचारावं त्याचं उत्तर ठाम. भाचा पुण्याला याच लाइनीत आहे, तो म्हणाला, "मामी, तू व्हेराक्रिप्ट टाक, बाकी कशाच्या नादी लागू नकोस." एक रिटायर्ड इंजिनियर काका येतात, ते म्हणाले विंडोजमध्ये बिटलॉकर असतोच, वेगळं काय कशाला. आणि टॅलीचं बघायला येणारा मुलगा म्हणाला, "मैडम, फोल्डर लॉक डाल देता हूँ, फ्री में हो जाएगा." तिघांचा वाद एकाच गोष्टीवर, जास्त स्ट्राँग कुठलं.

मी चार रात्री वाचत बसले असेन नसेन, पण एवढं लक्षात आलं की हा वाद बिनकामाचा आहे. टॅलीवाल्या मुलाचं ते फोल्डर लॉक सोडलं तर बाकी सगळ्यांच्या पोटात यंत्र एकच, एईएस नावाची कुलूप घालायची गणिती पद्धत. योआन डामेन आणि विन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन माणसांनी केलेलं, अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं उघड स्पर्धा घेऊन निवडलेलं, २००१ पासून प्रमाण मानलेलं. जगभरच्या गणितवाल्यांनी तेव्हापासून त्याच्यावर डोकं आपटलंय आणि ते नीट वापरलं तर अजून कुणाला फोडता आलेलं नाही. आजकालच्या प्रोसेसरमध्ये तर त्याच्यासाठी वेगळी सोय असते, त्यामुळे मशीन स्लो होईल ही भीतीही आता जुनी झाली. म्हणजे कुलपं सगळी एकाच कारखान्यातली. मग फरक कशात आहे? तर किल्ली कुठे ठेवतात आणि कुणाकुणाकडे असते यात. मला वाटतं एवढा एकच प्रश्न विचारत राहिलं तर निवड आपोआप होत जाते, निदान माझी झाली.

आता आपल्या देशी पीडीएफचंच बघा ना. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल. इन्कम टॅक्सचं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचं स्टेटमेंट, डाउनलोड केलं तर पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. बँका तर मेलमध्येच लिहून पाठवतात की तुमचा पासवर्ड अमुक अधिक तमुक. आत एन्क्रिप्शन अगदी सज्जड असेल हो, पण किल्लीचा फॉर्म्युला सगळ्या भारताला पाठ आणि फाइलच्या नावातच माणसाचं नाव. त्यावर आमचे क्लायंट इतके प्रेमळ की व्हॉट्सॲपवर फाइल टाकतात, खाली पॅन टाकतात, त्याखाली जन्मतारीख, आणि मग लिहितात, "ताई, पासवर्ड पण दिलाय, तुम्हाला शोधायला नको." याला काय म्हणायचं.

विंडोजच्या पासवर्डची गोष्ट अजून मजेची. लोकांना, मलाही वाटायचं, की लॅपटॉप उघडताना पासवर्ड मागतो म्हणजे आतलं सगळं सुरक्षित. मागे जुना लॅपटॉप बंद पडला तेव्हा कंप्युटर मार्केटमध्ये एका पोरानं माझ्यासमोर स्क्रू काढले, हार्ड डिस्क एका छोट्या डब्यात घातली, यूएसबीनं आपल्या मशीनला लावली आणि माझे सगळे फोल्डर आडनावांसकट त्याच्या स्क्रीनवर हजर. पासवर्ड मागितलाच नाही कुणी. मी विचारलं तर म्हणाला, "वो तो विंडोज का पासवर्ड है ना मैडम, डिस्क का थोड़ी है." एवढ्या कमी शब्दांत हा विषय मला कुठल्याच लेखानं समजावला नव्हता. आणि ती फुकटवाली फोल्डर लॉकं, त्यातली बरीचशी फोल्डर नुसतं लपवतात, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं की समोर उघडं पडलेलं असतं.

तर पहिली पायरी डिस्क. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली की त्या पोराच्या डब्यात घातली तरी नुसता कचरा दिसतो. मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट, लिनक्समध्ये लक्स, ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी सुखानं वापरावं. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये तर हे बाय डिफॉल्टच असतं. आपल्याकडे ऑफिसं विंडोजवर चालतात, म्हणून बिटलॉकर. २००७ पासून व्हिस्टाबरोबर आलेला, प्रो व्हर्जनमध्ये पूर्ण मिळतो, होममध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाचं त्याचं धाकटं भावंड. आणि इथे किल्लीचा प्रश्न एकदम मधोमध येऊन बसतो, कारण विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की हे एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर न विचारता सुरू होतं आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर उघडायची जादा किल्ली, त्या अकाउंटमध्ये वर जाऊन बसते. बरं झालं म्हणाल तर बरं, वाईट म्हणाल तर वाईट. कारण अकाउंट कुणी काढलेलं असतं? दुकानातल्या मुलानं. कुठल्या मेलवर? त्यालाच माहीत. मग एक दिवस मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं की निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडे मागते, आणि घरात कुणाला ठाऊकच नाही की आपलं काही एन्क्रिप्ट होतं.

१९ जुलै २०२४ आठवतोय का, ती क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीची भानगड? एका खराब अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन आडव्या पडल्या, आपल्याकडे विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. त्यावर उपाय तसा छोटा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची. पण कितीतरी कंपन्यांच्या मशीनला बिटलॉकर, म्हणजे सेफ मोडच्या आधी ते ४८ आकडे टाका. ज्यांनी किल्ल्यांची यादी नीट ठेवलेली त्यांचं काम लवकर झालं, बाकीचे बसले शोधत.

अजून एक प्रकरण मला फार आवडतं, म्हणजे आवडतं कसलं, दचकवतं. काही एसएसडी डिस्क स्वतःच आतल्या आत एन्क्रिप्शन करतात, वेगळं सॉफ्टवेअर नको, स्पीड उत्तम, आणि बिटलॉकर अशी डिस्क दिसली की तिच्यावर विश्वास टाकून स्वतः गप्प बसायचा. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी डिस्कचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, उकलून पाहिलं, तर काही मॉडेलमध्ये पासवर्डचा आणि आतल्या किल्लीचा एकमेकांशी संबंधच नव्हता. पासवर्ड बरोबर की चूक एवढंच तपासायचं, ते तपासणं चुकवलं की डेटा खुला. एईएस होतंच की तिथेही, २५६ बिटवालं, डब्यावर छापलेलं. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं डिफॉल्ट बदलला, आता बिटलॉकर डिस्कच्या भरवशावर न राहता स्वतः काम करतो.

भाच्याच्या व्हेराक्रिप्टकडे येते. त्याचा पूर्वज ट्रूक्रिप्ट, कुणी बनवला ते शेवटपर्यंत नीट बाहेर आलं नाही, तरी दहा वर्षं लाखो लोकांनी वापरला. २८ मे २०१४ ला अचानक त्याच्या साइटवर सूचना आली की हे वापरणं सुरक्षित नाही, बिटलॉकरला जा. कारण नाही, निरोप नाही. गंमत म्हणजे त्याच सुमारास लोकवर्गणी काढून त्याच्या कोडचं ऑडिट चालू होतं, ते २०१५ मध्ये संपलं आणि मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा काही सापडला नाही. त्याच कोडवरून मुनीर इद्रासी यांनी २०१३ मध्ये व्हेराक्रिप्ट काढला होता, तो आज चालू आहे, फुकट, कोड सगळ्यांसमोर, आणि २०१६ मध्ये त्याचंही वेगळं ऑडिट झालं. उघडायला दोन-चार सेकंद जास्त घेतो म्हणून लोक कुरकुर करतात, पण ते मुद्दाम केलेलं आहे. पासवर्डपासून किल्ली बनवताना ट्रूक्रिप्ट तेच गणित हजार-दोन हजार वेळा फिरवायचा, हा काही सेटिंगमध्ये पाच लाख वेळा फिरवतो, म्हणजे अंदाजे पासवर्ड मारून बघणाऱ्याला प्रत्येक अंदाजाला तेवढी वाट बघावी लागते. तुमची किल्ली कुणाच्याच अकाउंटमध्ये जात नाही. विसरलात तर जगात कुणीही मदत करू शकत नाही, हे त्याचं मोठेपण आणि हेच त्याचं भय. शिवाय डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा हेडर असतो, आतली खरी किल्ली त्यात असते, तो आणि डिस्कच्या शेवटी असलेली त्याची प्रत दोन्ही खराब झाले तर पासवर्ड पाठ असूनही उपयोग नाही, म्हणून त्या हेडरचा बॅकअप वेगळा काढून ठेवायचा असतो, आणि हे भाच्यानं नाही सांगितलं, वाचताना सापडलं. व्हॉल्यूमच्या, म्हणजे त्या बंद पेटीच्या, आत लपवलेला दुसरा व्हॉल्यूम वगैरे प्रकारही त्यात आहेत, ते हेरांना लागत असतील, जीएसटीच्या रिटर्नला काय करायचेत.

मी काय केलं तर लॅपटॉपला बिटलॉकर, किल्लीचा कागदावर प्रिंट. बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कला व्हेराक्रिप्ट. क्लाउडवर जे ठेवते ते क्रिप्टोमेटरमधून, कारण तो एकेक फाइल वेगळी बंद करतो, व्हेराक्रिप्टचा वीस जीबीचा एकच मोठा गठ्ठा वर चढवत बसावं लागत नाही. रात्री लॅपटॉपचं झाकण नुसतं पाडत नाही, शटडाउन करते, कारण स्लीपमध्ये किल्ली रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीत, तशीच जागी असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या लोकांनी रॅम गार करून, मशीन बंद झाल्यावरसुद्धा त्यातून किल्ल्या उचलून दाखवल्या होत्या. आपल्या गल्लीत असला चोर येणार नाही हे मलाही कळतं, पण शटडाउनला पैसे पडत नाहीत. बाकी हे सगळं म्हणजे बॅकअप नव्हे, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर तुमच्या एन्क्रिप्टेड फाइलींना ते खुशाल वरून आपलं कुलूप घालतं.

मेलचं मात्र माझं अजून समाधान नाही.

फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा मेल एन्क्रिप्ट करायचा प्रोग्रॅम काढला, त्याबद्दल अमेरिकेच्या सरकारनं त्यांच्यामागे चौकशी लावली, कारण तेव्हा कडक एन्क्रिप्शन देशाबाहेर जाणं म्हणजे शस्त्रं निर्यात केल्यासारखं मानायचे. मग सगळा कोड पुस्तकात छापला, कारण पुस्तक निर्यात करायला बंदी नव्हती. १९९६ मध्ये चौकशी गुंडाळली. एवढं रामायण होऊन हाती आलेली गोष्ट माणसांना वापरता येते का, हे १९९९ मध्ये अमेरिकेत दोघा संशोधकांनी तपासलं, बारा जणांना दीड तास दिला, एक सही केलेला एन्क्रिप्टेड मेल पाठवून दाखवा म्हणून. एक तृतीयांश लोकांना जमलं. आणि पाव लोकांनी ते गुपित चक्क उघड्या मेलनं पाठवून दिलं. ती सगळी शिकलेली, मेल रोज वापरणारी माणसं होती. आता सोपं झालंय, थंडरबर्डमध्ये २०२० पासून आतच आहे, भाच्याबरोबर करून बघितलं, छान चालतं. पण पुढे? समोरच्याकडेही किल्ली पाहिजे ना. माझ्या क्लायंटमध्ये स्वतःचा मेलचा पासवर्ड मुलाला फोन करून विचारणारे आहेत, त्यांना जगाला द्यायची पब्लिक की आणि स्वतःजवळ लपवायची प्रायव्हेट की कुठून समजावू? आणि एवढं करून कुणी कुणाला कधी मेल केला हे उघडंच राहतं, जुन्या पद्धतीत तर विषयाची ओळसुद्धा.

खरं तर आमच्या धंद्यात किल्ली नावाची वस्तू प्रत्येकाकडे आधीच आहे, डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन. २००० च्या आयटी कायद्यानं त्या सहीला कागदावरच्या सहीचा दर्जा दिलाय. आत प्रायव्हेट की असते, ती बाहेर काढता येत नाही, किती सुंदर रचना. आणि ती टोकनं असतात कुठे? ऑडिट करणाऱ्यांच्या कपाटात, रबर बँड लावलेल्या गठ्ठ्यात, प्रत्येकावर पार्टीचं नाव आणि पिनची चिठ्ठी चिकटवलेली. मालकाला विचारा तुमची सही कुठंय, तो म्हणेल साहेबांकडे. माझ्याकडेही ठेवायला देतात, मी आता घेत नाही, त्यावरून दोन-तीन जण रुसले. त्यातही सही करायचं सर्टिफिकेट वेगळं आणि एन्क्रिप्शनचं वेगळं, टेंडर भरणारे दोन्हीचं कॉम्बो घेतात, बाकीच्यांकडे नुसती सही असते. त्यामुळे टोकन आहे म्हणून त्यानं मेल बंद करता येईल असं होत नाही.

मग तयार सेवा, प्रोटॉन वगैरे. २०१४ मध्ये सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी सुरू केलेली मेलची सेवा, स्वित्झर्लंडमधली, दोन्हीकडे प्रोटॉन असेल तर काही न करता एन्क्रिप्शन. चांगली आहे, मी खासगी पत्रांना वापरते. पण २०२१ मध्ये स्विस आदेश आल्यावर त्यांना एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता द्यावा लागला. मेलचा मजकूर त्यांच्याकडे किल्लीच नसल्यामुळे देता येणार नव्हता, पण कोण कुठून आलं हे देता येत होतं. आणि २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करा असा आदेश दिला. उद्या खरंच बंद झालं तर ३१ जुलैच्या आदल्या दिवशी मी क्लायंटना काय सांगू.

आपल्या सरकारचंही या विषयात मन थोडं दोन्हीकडे आहे. आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली उघडून द्या म्हटल्यावर मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. २०१५ च्या सप्टेंबरात तर एन्क्रिप्शन पॉलिसीचा मसुदा आला होता ज्यात सामान्य माणसानंसुद्धा जे एन्क्रिप्ट करून पाठवलं त्याची उघडी प्रत ९० दिवस सांभाळावी असं होतं. एवढी आरडाओरड झाली की लगेच मागे घेतला. आता नवीन कायदा म्हणतो डेटा नीट जपा नाहीतर दंड. जपतोय बाबा.

तर मेलला माझा उपाय गावठी आहे. सेव्हन-झिपमध्ये फाइल टाकायची, सेव्हन-झेड फॉरमॅट, एईएस, आणि फाइलींची नावंही लपवायचा जो चौकोन असतो तो टिक करायचा, नाहीतर आत काय आहे ते न उघडता वाचता येतं. झिपचा जुना पासवर्ड प्रकार वापरायचा नाही, तो १९९४ मध्येच फोडून दाखवलाय. मेलनं फाइल, पासवर्ड फोनवर बोलून. काकूंना फोनवर पासवर्ड सांगताना शेजारच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जातो ते सोडा. मोबाईलवर ही फाइल उघडायला वेगळं ॲप लागतं, मग तक्रार येते, "ताई, व्हॉट्सॲपवरच टाका की, तिथे एन्ड टू एन्ड असतं ना." असतं, २०१६ पासून आहे, वाटेत कुणी वाचू शकत नाही. पण पोचल्यावर ती फाइल फोनच्या डाउनलोडमध्ये, आणि चॅटचा बॅकअप क्लाउडवर, त्याला एन्क्रिप्शनचा पर्याय २०२१ मध्ये आला पण आपणहून चालू करावा लागतो. किती जणांनी केलाय विचारलं तर सगळे माझ्याकडेच बघतात.

आमच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत होळकरांच्या वेळचे काही कागद आहेत, मोडीतले. कुणी कुलूप घातलेलं नाही, शाई ठणठणीत, आणि घरात एकालाही वाचता येत नाही. जमिनीचं आहे, कर्जाचं आहे की नुसती लग्नपत्रिका, देव जाणे. व्हेराक्रिप्टची डिस्क पहिल्यांदा बंद केली तेव्हा मला चोराच्या आधी त्या ट्रंकेची आठवण झाली. मी नसले तर ह्यांना, मुलीला यातलं काय उघडता येईल? क्लायंटचं जाऊ दे, आमच्या स्वतःच्या पॉलिसी, घराची स्कॅन केलेली रजिस्ट्री त्यातच आहे.

म्हणून ४८ आकडे, व्हेराक्रिप्टचा लांबलचक पासवर्ड आणि हेडर बॅकअपचा पेन ड्राइव्ह असं एका पाकिटात घालून बँकेच्या जॉइंट लॉकरमध्ये ठेवलंय, सोबत काय कसं करायचं त्याचा कागद. एका रविवारी पोहे झाल्यावर ह्यांच्यापुढे डिस्क, पासवर्ड आणि तो कागद ठेवला आणि म्हटलं, "अहो, मी इथे नाहीये असं समजा आणि उघडून दाखवा." पहिल्याच ओळीला अडले. "सिलेक्ट व्हॉल्यूम? मी आवाज कशाला कमीजास्त करू?" ते निस्तरलं तर ड्राइव्ह लेटर कुठलं निवडू, मग माउंट म्हणजे काय, मग पासवर्डमधली स्पेस धरायची का नाही. मुलगी मध्येच सांगायला आली, तिला बाहेर पाठवलं. उघडली शेवटी. कागद मी नव्यानं लिहायला घेतलाय, आता चांगला लांबलाय, आणि डिसेंबरात रिटर्नची गर्दी संपली की परत एकदा बसवणार आहे, या वेळी सासूबाईंना.